ताकाला जाऊन भांडं कुठं लपवलं? लोककथेतला आडून येणारा विनोद ओळखायला शिकताना

पहिली लोककथा मी उतरवून घेतली ती वाळवा तालुक्यात, आत्तीच्या घरी, सोप्यात बसून शेंगा फोडताना. सासू, सून आणि भिकारी यांची गोष्ट. ती कुणाला माहीत नाही? तरीही आत्तीनं सांगितली तेव्हा हसता हसता माझ्या पुढ्यातलं सूप कलंडलं. घरी येऊन मी वहीत लिहिलं : "एक भिकारी दारात आला. सुनेने काही नाही असे सांगितले. वाटेत सासू भेटली. तिने त्याला परत आणले व स्वतः काही नाही असे सांगितले." चार दिवसांनी वाचून बघितलं तर हातात नुसता पंचनामा. घटना सगळ्या जागच्या जागी, हसू गायब.

ते हसू सासूनं न उच्चारलेल्या एका वाक्यात होतं. भिकाऱ्यानं ते मनातल्या मनात पुरं केलं, आपणही केलं, आणि दोघंही तोंडावर आपटलो. हे कळायला मला बरेच दिवस आणि दीडेक वही लागली. साताऱ्या-सांगलीकडं गोष्टी गोळा करायला, पोरांना सांगायला किंवा अभ्यासाला घ्यायला जे नव्यानं निघालेत, त्यांची तरी तेवढी वही वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

निघण्याआधी, थोडी शिदोरी

आडून बोलण्याला आपल्याकडं शब्द भरपूर : टोमणा, खोच, कोपरखळी, मेख, शालजोडीतला. आणि दोन म्हणी तर अशा आहेत की त्या नीट कळल्या तर अर्धा अभ्यास झाला. "लेकी बोले सुने लागे" हिच्यात बोलणारी एक, जिच्याशी बोलली ती दुसरी, आणि जिला लागलं ती तिसरी. "ताकाला जाऊन भांडं लपवणं" हिच्यात मागायचं तर आहे, पण तोंडानं मागायचं नाही, समोरच्यानंच ओळखावं. लोककथेतले निम्मे संवाद या दोन साच्यांतून निघतात.

शास्त्रात शिरायचं तर नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहून हेच मांडलं, की शब्दाचा सरळ अर्थ संपला तरी त्यामागून आणखी एक अर्थ घुमत येतो, घंटेच्या नादासारखा. त्याला ध्वनी म्हणायचं. संस्कृत काव्यशास्त्रातलं याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे "सूर्य मावळला" हे साधं वाक्य. गुराखी ऐकतो तेव्हा त्याला ऐकू येतं 'गाई घरी न्या', दुकानदाराला 'माल आवरा', भटजींना 'संध्येला बसा' आणि प्रियकराकडं निघालेलीला 'चला, अंधार पडला'. वाक्य एकच.

पुढं १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञानं दुसऱ्या बाजूनं हात घातला. ती मांडणी १९७५ साली छापून आली. त्याचं म्हणणं असं, की दोन माणसं बोलत असताना एकमेकांना धरून चालतात. समोरचा हवं तेवढंच सांगेल, खरं सांगेल, विषयाला धरून सांगेल आणि सरळ सांगेल, असं आपण गृहीत धरतो. त्यानं यातलं काही मोडल्यासारखं वाटलं, तरी आपण त्याला वेडा ठरवत नाही. "याला काहीतरी वेगळं म्हणायचंय" असं म्हणून मधली फट आपणच बुजवतो. आपण जे भरतो, तो सूचितार्थ. तुम्ही विचारता "जेवलास का?" आणि पोरगा म्हणतो "आई घरात न्हाय." जेवणाबद्दल तो एक शब्द बोलला नाही, पण तुम्ही ताट वाढायला उठता.

शिदोरी एवढीच पुरे. आता कामाला लागू.

पहिली पायरी : बोलणं आहे तसं उतरवा

माझी पहिली चूक इथंच झाली. मी कथानक लिहिलं आणि बोलणं गाळलं. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी विचारून. पंख्याखाली फोन ठेवू नका, आणि शेंगा फोडायच्या सुपाजवळ तर नकोच. माझ्या पहिल्या मुद्रणात आत्तीपेक्षा टरफलांचा आवाज मोठा आहे. "विनोदी गोष्ट सांगा" असं मागितलं की माणसं गप्प होतात. त्यापेक्षा आपणच एखादी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायला घ्या. दुसऱ्या वाक्याला कुणीतरी म्हणेलच, "आगं तसं न्हाय ते!" आणि मग थांबवूनही थांबणार नाहीत.

उतरवताना छोट्या शब्दांवर डोळा ठेवा : च, तर, तरी, सुद्धा, की, म्हणे. प्रमाण मराठीत आणताना पहिल्यांदा हेच गळतात आणि सगळी मेख यांच्यातच असते. आमच्याकडचं साधं उदाहरण घ्या. उसने पैसे मागितल्यावर माणूस म्हणाला "बघतो", तर थोडी आशा आहे. "बघू की" म्हणाला, तर दुसऱ्या दारी जा. आणि "बघतोच" म्हणाला, तर पैशाचा विषय संपून भांडणाचा सुरू झालाय. क्रियापद तिन्हीकडं बघण्याचंच आहे.

संबोधनही जसंच्या तसं लिहा. अरे-तुरेतल्या पोराला कुणी एकदम "या पाटील, बसा" म्हटलं, तर तो मान आहे की उशिरा आल्याबद्दलचा शेरा, हे त्या एका 'या'वरून ठरतं. शिवाय सांगणारा कुठं थांबला, कुणाकडं बघितलं आणि तिथं कोण कोण बसलं होतं, हे समासात टिपून ठेवा. ही समासातली टिपणं पुढं फार उपयोगी पडतात.

दुसरी पायरी : हशाची जागा शोधा आणि एक वाक्य मागं या

आता ती गोष्ट आत्तीच्या तोंडची, मुद्रणावरून :

"भिकारी म्हनला, माय, भाकरतुकडा वाढ गं. सून म्हनली, काय न्हाय बाबा आज, जा फुडं. निघाला बिचारा. पांदीत सासू गाठ पडली. म्हनली, का रं, माझ्या दारातनं रिकामा निघालास व्हय? तर म्हनला, सूनबाई म्हनल्या काय न्हाय. तशी म्हातारी तापली. ती कोन न्हाय म्हननारी? घर माझं, दार माझं! चल मागारी. आन् उनाचं त्याला परत नेलं की. त्यो बी झोळी सावरत म्हागनं चाललाय. दारात हुबा केला. म्हातारी आत गेली. लुगड्याचा वचा खोचला, पानी पिली, भाईर आली. म्हनली, हां. आता मी सांगते. काय न्हाय. जा."

मुद्रण ऐकताना कळलं की हशा दोनदा झाला होता. शेवटच्या "जा"वर आम्ही सगळे हसलो. पण त्याच्या बऱ्याच आधी, "ती कोन न्हाय म्हननारी" या वाक्याला, आतून एकटीच कुणीतरी हसली होती. आत्तीची सून. ती स्वयंपाकघरात होती. ते हसू वहीत टिपून मी त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

नवख्यांची खोड अशी, की शेवटच्या वाक्याला विनोद समजायचं. शेवटच्या वाक्यावर विनोद फुटतो. तो पेरलेला असतो आधी. म्हणून हशापासून उलटं चालत या आणि विचारा, की हे वाक्य ऐकून मला आश्चर्य का वाटलं? मी काय धरून बसले होते? आणि ते मला कुणी सांगितलं?

तिसरी पायरी : न बोललेलं वाक्य वहीत लिहा

पान उभं दुमडा. डाव्या बाजूला बोललेलं, उजव्या बाजूला ऐकणाऱ्यानं धरलेलं. या गोष्टीत डावीकडं आहे "ती कोण नाही म्हणणारी?" उजवीकडं भिकारी लिहील, 'म्हणजे घरात आहे. सून खोटं बोलली.' डावीकडं "चल मागारी", उजवीकडं 'आता मिळणार'.

आता नुसतं डावं पान वाचा. सासूनं भाकरी आहे असं कुठं म्हटलंय? कुठंही नाही. सुनेच्या वाक्याचे दोन भाग होते, एक 'काय न्हाय' ही बातमी आणि दुसरा ती बातमी देण्याचा अधिकार. भिकाऱ्याला वाटलं सासू बातमी खोडतेय. ती खोडत होती अधिकार. "ती कोण म्हणणारी" या मराठी वाक्याची गंमतच अशी की ते दोन्ही बाजूंना पडू शकतं, आणि पोटात भूक असलेला माणूस ते आपल्या बाजूला पाडून घेतो.

"चल मागारी"चं काम याहून खोल आहे. माणूस माणसाला उन्हातून विनाकारण चालवत नाही, हा आपला सगळ्यांचा न लिहिलेला करार. म्हणून ती पांदीतली परतीची वाट म्हणजेच एक वचन आहे, शब्दांशिवाय दिलेलं. आत्तीनं ती वाट लांबवली. "झोळी सावरत", "वचा खोचला", "पानी पिली". मी दुसरीकडं हीच गोष्ट दोन वाक्यांत उरकलेली ऐकली आहे. लोक हसले, पण हलकंच. भिकाऱ्याची जेवढी पायपीट, तेवढं आपलं अनुमान पक्कं होत जातं, आणि तेवढंच ते मोठ्यानं फुटतं. पंचनाम्यात मी नेमकी हीच पायपीट वगळली होती.

सून आधी का हसली, तेही याच पानावर सुटतं. तिला भिकाऱ्यासारखी भाकरीची आशा नव्हती. तिनं "ती कोण" हे पहिल्याच फटक्यात बरोबर ऐकलं होतं, कारण ते ऐकायची तिला सवय होती.

चौथी पायरी : काय मोडलं ते बघा, आणि शब्द बदलून खात्री करा

अकबर-बिरबलाच्या गोष्टींत एक तंबाखूची आहे. बिरबलाला तंबाखूची सवय. एकदा शेताच्या कडेनं जाताना गाढवानं तंबाखूच्या पानाला तोंड लावलं नाही. अकबर म्हणाला, "बघ बिरबल, गाढवसुद्धा तंबाखू खात नाही." बिरबल म्हणाला, "खरं आहे खाविंद. गाढवं तंबाखू खात नाहीत."

(ही गोष्ट इतिहासात बसत नाही हे जाता जाता सांगते. बिरबल १५८६ साली मारला गेला, आणि अकबराच्या दरबारात तंबाखू पोचली ती त्यानंतर अठराएक वर्षांनी, तीही आमच्या जतला लागून असलेल्या विजापूरकडून. लोककथेला तारखांचं वावडं असतं.)

इथं जादू 'सुद्धा'ची आहे. 'सुद्धा' म्हटलं की एक उतरंड उभी राहते. गाढव तळाला. तळातलंही जे करत नाही ते तू करतोस, म्हणजे तू तळाच्या खाली. अकबर हे बोलला नाही, 'सुद्धा'नं बोललं. बिरबलानं वाद घातला नाही. पूर्ण मान तुकवली, फक्त 'सुद्धा' तेवढं गाळलं. उतरंड कोसळली आणि उरलेलं वाक्य खात नाहीत त्यांच्याकडं, म्हणजे बादशहाकडं, तोंड करून उभं राहिलं. तर्कानं बघाल तर 'गाढवं खात नाहीत' यावरून 'न खाणारा तो गाढव' असं सिद्ध होत नाही. पण कान तर्कशास्त्र शिकलेला नसतो.

आता खात्री करा. बिरबलाच्या तोंडी 'सुद्धा' परत घाला : "खरं आहे, गाढवंसुद्धा खात नाहीत." विनोद मेला. एक शब्द घातला किंवा काढला आणि हसू गेलं, की समजा मेख तिथंच होती. प्रत्येक गोष्टीवर ही परीक्षा करून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण दहा गोष्टींत कान तयार होतो.

आणखी एक. बादशहानं डोळे वटारले असते तर बिरबल म्हणू शकला असता, "मी तर आपलंच म्हणणं मान्य केलं." आडून बोललेलं नाकारता येतं, म्हणूनच ते नेहमी कमी ताकदीच्या माणसाच्या तोंडी सापडतं. सून सासूशी, गडी मालकाशी, प्रधान राजाशी असा बोलतो. उलट्या दिशेनं असं बोलणं आलं तर ते बहुतेक वेळा हसवत नाही, बोचतं. गोष्टीत कोण कुणाच्या ताटाखालचं मांजर आहे हे आधी ठरवा. मेख कुणाच्या खिशात आहे ते लगेच कळतं.

बाकीचे प्रकार पटापट सांगते. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं आणि तो चिऊताईचं दार वाजवतो. ती म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, अंगडं घालते. थांब, टीट लावते. यातलं प्रत्येक 'थांब' म्हणजे 'नाही' आहे. कावळ्याला तेवढं कळत नाही, तो खरंच थांबतो, पावसात. लहान पोरं पुन्हा पुन्हा येणाऱ्या 'थांब'ला हसतात. मोठी माणसं हसतात ती वेगळ्या कारणानं. कुठल्यातरी कचेरीच्या खिडकीबाहेर तीही अशीच थांबलेली असतात.

भोपळ्यातल्या म्हातारीचं वेगळं. वाघ विचारतो म्हातारी दिसली का, तर आतून उत्तर येतं, म्हातारी-बितारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. हे सरळ खोटं आहे, आडून काही नाही. पण त्या 'बितारी'कडं बघा. नावाला असं जोडशेपूट लावलं की आपण त्या माणसाला मोजतच नाही असं होतं. म्हातारी स्वतःलाच मोजीत नाही आणि त्यातच वाचते. पोरांना आत कोण आहे हे माहीत असतं, वाघाला नसतं. त्या कटात सामील असण्याचंच ते हसू.

बिरबलाच्या खिचडीत तर बोलणंही नाही. लांबच्या दिव्याची ऊब मिळाली म्हणून गारठ्यात रात्रभर पाण्यात उभ्या राहिलेल्याचं बक्षीस नाकारलं, तर बिरबलानं हंडी उंच टांगून खाली जाळ केला. कृतीतूनही टोमणा मारता येतो, एवढं टिपून पुढं चला.

पाचवी पायरी : श्लेष वेगळा काढा

सगळंच हसू सूचितार्थाचं नसतं. पुष्कळदा नुसता शब्द दोन अर्थांचा असतो. धनी म्हणतो "दार लाव", गडी विचारतो "कुणाला लावू? औषध हाय का ते?" हा श्लेष. चांगला की वाईट ते सोडा, पण जात वेगळी.

वेगळं ओळखायचा सोपा उपाय म्हणजे गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगून बघणं. आपल्याकडं त्यासाठी लांब जावं लागत नाही. जत तालुक्याच्या पूर्व भागात अशी घरं आहेत जिथं चुलीपुढं कानडी आणि बाजारात मराठी चालते. "दार लाव" कानडीत नेलं की वाटेतच मरतं. सासू-सुनेची गोष्ट मात्र धडधाकट पोचते, कारण तिचं हसू शब्दाला बांधलेलं नाही. तंबाखूचीही पोचते, मराठीत 'सुद्धा' जे करतं तेच कानडीत नामाला चिकटलेला एक 'ऊ' करतो. मेला तो श्लेष, जगला तो ध्वनी. मधे लटकणारे काही निघतील. त्यांना 'मधले' म्हणून वेगळं पान द्या, जबरदस्तीनं कुठल्या खान्यात कोंबू नका.

सहावी पायरी : शब्दाला शब्द धरणारा कोण आहे?

जावयाच्या गोष्टींशिवाय आमच्याकडचं लग्नघर पुरं होत नाही. एक अशी. नवा जावई पहिल्यांदाच सासरवाडीला निघालाय. आई बजावते, "उंच जागी बस आन् गोड बोल." जावई गेला तो थेट परड्यातल्या कडब्याच्या गंजीवर चढून बसला.

सासरा खालून म्हणतो, "पाव्हणं, हितं घोंगडं हातरलंय, खाली या की."
"गूळ," जावई म्हणाला.
"आवो पडशीला!"
"काकवी."
सासू बाहेर आली. "काय झालं वं ह्यास्नी?"
"साखर."

अशा शब्दाला शब्द धरणाऱ्या मूर्खांच्या गोष्टी जगभर आहेत. लोककथांचे अभ्यासक स्टिथ थॉम्पसन यांच्या कथाघटकांच्या सूचीत 'जे' (J) या अक्षराच्या विभागातले २४५० ते २४९९ हे आकडे याच मंडळींसाठी आहेत. तुमच्या वहीतली गोष्ट त्यात कुठं बसते हे नंतर निवांत बघा. आधी मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न विचारा, की हा खरंच भोळा आहे की सोंग करतोय?

जावई खरा भोळा. आईच्या बोलण्यातला न बोललेला भाग त्याला दिसतच नाही. आपण हसतो आणि हसता हसता ध्यानात येतं की 'गोड बोल' म्हणजे नेमकं काय बोलायचं हे आपल्यालाही कुणी कधी सांगितलेलं नाही.

तमाशातल्या बतावणीत मात्र सोंगाड्याला सगळं दिसत असतं आणि तो न दिसल्याचं दाखवतो. वाळवा तालुका पठ्ठे बापूरावांचा. रेठरे हरणाक्ष त्यांचं गाव. या भागातल्या माणसाच्या कानात बतावणीची लय लहानपणीच बसते. नमुन्यादाखल मीच जुळवलेल्या चार ओळी :

"इतका वेळ कुठं होतास रे?"
"हितंच व्हतो की सरकार."
"मग मला दिसला कसा नाहीस?"
"तुमी वर बघून चालता."

शेवटचं वाक्य म्हणजे दिसलं का नाही याची नुसती माहिती आहे. सरकारला त्यात पकडायला काही नाही. प्रेक्षकाला सगळं आहे.

भोळा आणि सोंगाड्या यांच्यातला हा फरक उतरवताना सुटला की गोष्ट पार उलटी होते. एका गोष्टीतला गडी मी भोळा म्हणून लिहिला होता. सांगणाऱ्या तात्यांना वाचून दाखवला, तर ते एवढंच म्हणाले, "व्हय, कागदावर येडाच दिसतोय." पुन्हा मुद्रण ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की मालकाला उत्तर देण्याआधी तात्यांनी प्रत्येक वेळी बारीक थांबा घेतला होता. भोळा माणूस थांबत नाही.

सातवी पायरी : कुणाला लागलं ते बघा

आता ते प्रश्नचिन्ह घातलेलं हसू. त्याच दिवशीची सकाळ. दिवस कासराभर वर आलेला. उंबऱ्यावर मांजर पसरलं होतं. आत्ती मांजराला म्हणाली, "झोपा बाई, झोपा. दूध काय, आपूआप तापतंय." आतून भांड्याचा आवाज झाला, आणि मग सुनेचा, चार वर्षांच्या पोराला उद्देशून : "बाळा, आज्जीला इचार, चा गोड करू का बिनसाखरंचा. आन् डाक्टर काय म्हनल्यात ते बी इचार." आत्ती काही बोलली नाही. पोरगं मात्र मन लावून दोन्ही प्रश्न विचारून आलं.

मांजर आणि पोरगं, दोघांशी बोलणं झालं आणि दोघांनाही काही लागलं नाही. त्यानंतर दुपारी आत्तीनं सासू-सुनेची गोष्ट सांगितली, सून ऐकू जाईल एवढ्या अंतरावर असताना, आणि हसू सासूवर ओढवून घेतलं. सकाळच्या चहाचं ते उत्तर होतं की समेट, हे मी आजही ठरवू शकत नाही. पण नुसता गोष्टीचा मजकूर घेऊन बसलेल्याला हा प्रश्नच पडणार नाही. म्हणून म्हटलं, कोण कोण बसलं होतं ते समासात लिहा.

गोष्टीच्या आतही हेच बघायचं. प्रत्येक वाक्यापुढं तीन नावं लिहा : बोललं कोण, बोललं कुणाशी, लागलं कुणाला. तमाशातल्या गवळणीत मावशी बोलते पेंद्याशी आणि टाळी येते मागच्या रांगेतून. तिन्ही नावं वेगळी निघाली की त्या वाक्यावर खूण करा. छापील गोष्टींवर सराव करायचा असेल, तर महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीसाठी सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेली पुस्तकं जुन्या ग्रंथालयांत बघा. त्याही वाळवा तालुक्यातल्याच, बागणीच्या. घरातल्या बायकांचं बोलणं त्यांनी आस्थेनं जपलंय.

आठवी पायरी : आता सांगून बघा

सांगताना एकच पथ्य आहे, ते म्हणजे उजवं पान मोठ्यानं वाचायचं नाही. मी एका शाळेत सासू-सुनेची गोष्ट सांगितली आणि शेवटी समजावून दिलं, "म्हणजे बघा मुलांनो, सासूला अधिकार दाखवायचा होता." पाचवीतल्या एका पोरानं माझ्याकडं जे बघितलं ते अजून विसरले नाही. त्याला आधीच कळलं होतं, आणि मी त्याच्या तोंडातला घास काढून चावून परत दिला होता.

"हां. आता मी सांगते." इथं थांबा. श्वासभर पुरे. ऐकणाऱ्याच्या मनात भाकरी भाजून तयार होऊ द्या. मग "काय न्हाय. जा." लिहिताना हा थांबा पूर्णविरामानं दाखवा. उद्गारचिन्हांची रांग लावलीत की आपणच आधी हसल्यासारखं होतं.

आणि पहिला प्रयोग परक्यांपुढं नको. जिच्याकडून घेतली तिलाच ऐकवा. मी गेल्या दिवाळीत आत्तीच्या सोप्यात सगळ्या पोरांना गोळा करून तिचीच गोष्ट तिच्यादेखत सांगितली. पायपीट लांबवली, झोळी सावरली, थांबा घेतला, सगळं वहीबरहुकूम. संपल्यावर आत्तीकडं बघितलं. तिनं एका पोराच्या अंगावर वाकळ ओढली, दुसऱ्याच्या ओढली, आणि म्हणाली, "लई झ्याक सांगितलीस बाई. ह्यास्नी निजवायला मला घटकाभर लागतंय रोज."